मूळ पाहिल्याशिवाय भांड्यात नको

पावसाळी अभ्यासपाठ
शास्त्रवाचन : २ राजे ४:३८–४१, अनुवाद २२:६–७



पावसाळी अंकासाठी अभ्यासपाठ लिहावा असे मला सांगण्यात आले, तेव्हा मनात पहिला विषय आला तो रानातल्या टेकोड्यांचा. टेकोडे म्हणजे रानात आपोआप उगवणारी आळिंबी. कोणी तिला सात्या म्हणतात, कोणी भुईफोड म्हणतात, पुस्तकात तिला भूछत्र म्हटलेले असते. मंडळीच्या अंकात हा विषय कशाला, असे काहींना वाटेल. पण पवित्र शास्त्रात रानातून गोळा करून आणलेल्या आणि न ओळखता शिजवलेल्या अन्नाची गोष्ट आहे. ती गोष्ट माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघरात घडली. म्हणून हा पाठ साक्ष म्हणूनच लिहीत आहे.

प्रथम शास्त्रभाग उघडून वाचावा. गिलगालात दुष्काळ पडला आहे. अलीशा संदेष्टा आपल्या शिष्यांसाठी मोठे भांडे चुलीवर ठेवायला सांगतो. एक जण भाजी आणायला रानात जातो. त्याला एक रानवेल सापडतो. त्याची फळे तो ओटीभर तोडून आणतो आणि चिरून भांड्यात टाकतो. ती फळे कसली आहेत हे तिथे कोणालाच माहीत नसते. लोक जेवायला बसतात आणि दोन घास घेताच ओरडतात की भांड्यात मरण आहे. अलीशा पीठ मागवतो, ते भांड्यात टाकतो, आणि तेच अन्न सर्वांना वाढले जाते. ती फळे कडू इंद्रावणाची असावीत, असे पुष्कळ भाष्यकार मानतात. इंद्रावण आपल्याकडेही उगवते. दिसायला ते लहानशा कलिंगडासारखे, पण पोटात गेले तर जुलाबाने माणूस हैराण होतो.

या गोष्टीतला तो भाजी आणणारा शिष्य वाईट नव्हता. त्याला सर्वांचे पोट भरायचे होते. त्याने मेहनतही केली. त्याची चूक एवढीच की जे ओळखत नव्हता ते त्याने आणले, आणि आणल्यावर कोणाला विचारले नाही.

माझी पहिली चूक

मी नर्स आहे. माझे बालपण नगरकडे गेले. तिकडे आम्ही आळिंबी पाहिली ती दुकानातल्या प्लास्टिकच्या डबीतली. सेवेसाठी मी वाशीम जिल्ह्यात आले आणि मालेगाव तालुक्यात मेडशीच्या बाजूच्या रानालगत असलेल्या आंध वस्त्यांवर जाऊ लागले. आंध ही आपल्या राज्यातली अनुसूचित जमात. वाशीम, हिंगोली, नांदेड, यवतमाळ या पट्ट्यात हे बांधव राहतात. त्यांची शेती थोडी आणि मजुरी जास्त. इकडे सोयाबीनचे पीक मोठे. जून-जुलैत पेरणी झाली की घरातले धान्य आणि पैसा दोन्ही आटतात, आणि नव्या पिकाला अजून अवकाश असतो. त्याच दिवसांत रान काहीतरी देते : तरोटा, कुंजीर, कर्टुले आणि टेकोडे.

आरोग्याच्या बैठकीत मी बायकांना दरवर्षी सांगत असे, “रानातल्या छत्र्या खाऊ नका, विषारी असतात.” त्या मान हलवत. घरी जाऊन टेकोडे खात. मला वाटे, या ऐकत नाहीत. त्या टेकोडे कशा ओळखतात हे मी एकदाही विचारले नव्हते. ही माझी पहिली चूक.

एका जुलैत दोन दिवस जोराचा पाऊस होऊन उघडीप पडली होती. वस्तीवरच्या एका आजींना मी रक्तदाबाच्या गोळ्या द्यायला गेले. त्या टोपली घेऊन निघाल्या होत्या. मला म्हणाल्या, “चाला सिस्टर, आज निंगले असतीन.” मी बरोबर गेले. सागाच्या आणि पळसाच्या झाडांतून अर्धा तास चालल्यावर एका जुन्या वारुळाच्या पायथ्याशी पांढुरक्या टोप्या दिसल्या. मधोमध प्रत्येकीला भाल्यासारखे टोक. काही अजून मिटलेल्या, काही पूर्ण उघडलेल्या. आजी खाली बसल्या. पहिल्या टेकोड्याच्या बाजूची माती त्यांनी बोटांनी उकरली, दांड्याच्या खाली किती खोल जाते ते पाहिले, मगच हलकेच ओढून काढले. बाकीचे भराभर काढले. उघडलेल्यांपैकी चार-पाच तशीच सोडली. वारुळाला हात लावला नाही.

मी त्या वेळी मोबाइलवर फोटो काढत होते. त्या बोटांनी माती का उकरतात, हे विचारायचे मला सुचले नाही.

दुपारी त्यांच्या घरी जेवले. टेकोड्यांची माती धुऊन, हाताने उभे फाडून, तेलात कांदा-लसूण आणि लाल तिखट घालून, त्यांना सुटलेल्या पाण्यातच शिजवलेली भाजी आणि ज्वारीची भाकर. चावताना कोंबडीच्या मांसासारखी लागते आणि मातीचा एक मंद वास येतो. घरात त्या दिवशी दुसरी भाजी नव्हती. तरी आजींनी मला दुसऱ्यांदा वाढले. इतके चांगले जेवण मी त्या वर्षी जेवले नव्हते.

माझी दुसरी चूक

तीन आठवड्यांनी, ऑगस्टमध्ये, माझ्या खोलीमागच्या गवतात पांढऱ्या छत्र्या उगवल्या. मोठ्या, टवटवीत, दहा-बारा. मला आनंद झाला. मी चाकूने त्या जमिनीलगत कापल्या. खात्री म्हणून शिजवताना भाजीत चांदीची अंगठी टाकली. ती काळी पडली नाही. लसणाचाही रंग बदलला नाही. असे केले की विष कळते, असे मी कुठेतरी ऐकले होते. केंद्रात मदतीला येणारी बाई आणि तिचा बारा वर्षांचा मुलगा त्या रात्री जेवायला होते. ती थोडी थांबली. म्हणाली, “सिस्टर, आमच्याकडं गवतातल्या खात नाहीत.” मी म्हणाले, “मी पाहिल्या आहेत, तशाच आहेत.” मी नर्स होते. तिने माझ्यावर विश्वास ठेवला.

दोन तासांत तिघांनाही उलट्या सुरू झाल्या, नंतर जुलाब. मुलाची अवस्था सर्वांत वाईट होती. त्याचे डोळे खोल गेले आणि हातपाय गार पडले. जीप मिळवून रात्री साडेअकराला आम्ही दवाखान्यात पोहोचलो. सलाइन लागले. तिसऱ्या दिवशी तो उठून बसला. त्या दोन रात्री मी त्याच्या खाटेजवळ बसून देवबापाला काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. त्याची आई मला एक शब्द बोलली नाही. ते मला सर्वांत जड गेले.

आजी भेटायला आल्या. त्यांनी रागावून काही विचारले नाही. एवढेच म्हणाल्या, “सिस्टर, मूळ पाह्यलं होतं का?”

मी तर जमिनीच्या वर कापले होते. जी खूण पाहायची ती जमिनीतच राहिली होती.

“मूळ पाह्यल्याबिगर घरी आनू नोका,” त्या म्हणाल्या. “टेकोडं वारुळाचं लेकरू हाये. त्याची नाळ खाली असते.”

मुळाशी काय असते

बरे झाल्यावर मी जे वाचले आणि जाणकारांकडून समजून घेतले, त्याने आजींचे शब्द मला नव्याने कळले.

आपण जे खातो ते टेकोडे म्हणजे बुरशीचे फळ. बुरशी स्वतः जमिनीखाली, उधईच्या (वाळवीच्या) घरात असते. उधई वाळका पाला आणि लाकूड खाते, पण त्यातला कठीण भाग तिला एकटीला पचत नाही. ती चावलेला पाला विष्ठेच्या रूपाने वारुळातल्या खोल्यांत रचते. मधाच्या पोळ्यासारखी त्याची रचना दिसते. त्यावर ही बुरशी वाढते, कठीण भाग मऊ करते, आणि उधई मग ते पोळे आणि बुरशीचे पांढरे दाणे खाते. उधई बुरशीला अन्न आणि जागा देते, बुरशी उधईला अन्न पचवून देते. पाऊस पुरेसा झाला की हीच बुरशी वर कोंब पाठवते. टोपीचे टोक माती फोडते, आणि खाली पोळ्यापर्यंत एक लांब मुळासारखा दांडा राहतो. आजी बोटांनी शोधत होत्या तो हाच.

आपल्या सेवेच्या इतिहासाशीही या शोधाचा एक धागा जुळतो. योहान गेरहार्ड क्योनिग हा लिनियसचा शिष्य १७६८ साली तमिळनाडूतल्या तरंगमबाडीच्या मिशनमध्ये डॉक्टर म्हणून आला. त्याने तिकडची वारुळे उघडून पाहिली, आणि १७७९ साली छापलेल्या लेखात उधईच्या घरातल्या बुरशीचे वर्णन केले. पुढे १९४२ साली फ्रेंच शास्त्रज्ञ रॉजेर हाइम याने या बुरश्यांना टर्मिटोमायसेस हे नाव दिले. त्यात उधई आणि बुरशी या दोघींचाही उल्लेख आहे. आजींना हे नाव ठाऊक नाही. पण वारुळाचे लेकरू म्हणताना त्या तेच सांगत होत्या.

उधईशिवाय ही आळिंबी उगवत नाही, म्हणून बटन किंवा धिंगरी आळिंबीसारखी तिची शेती अजून होऊ शकलेली नाही. ती फक्त रानातूनच मिळते.

मग माझ्या गवतातल्या छत्र्या कसल्या होत्या? वर्णन ऐकून जाणकारांनी सांगितले की ती बहुधा हिरव्या बीजाणूंची छत्री असावी. ती पावसानंतर गवतात, हिरवळीवर येते. कोवळी असताना तिच्या टोपीखालच्या पाकळ्या पांढऱ्याच असतात, जून झाल्यावर हिरवट होतात. दांड्यावर कडे असते, टोपीवर खवले असतात. आणि खाली उधईच्या घराकडे जाणारे मूळ नसते. उकरले असते तर कळले असते.

याहून भयंकर जाती आहेत. अमानिता गटातल्या काही छत्र्यांच्या दांड्याच्या तळाशी मातीत एक वाटी असते. वरून कापणाऱ्याला ती दिसतच नाही. त्यांचे विष शिजवून जात नाही आणि वाळवूनही जात नाही. खाल्ल्यावर सहा ते बारा तास, कधी त्याहून जास्त वेळ, काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब होतात. मग एखादा दिवस बरे वाटते आणि माणूस घरी परततो. त्याच वेळी आत यकृत निकामी होत असते. आसामात एप्रिल २०२२ मध्ये रानातली विषारी आळिंबी खाऊन १३ जण दगावले. त्यांत चहामळ्यांतली गरीब कुटुंबे होती. तीही माणसे पोट भरायलाच रानात गेली होती.

म्हणून चांदीची अंगठी, लसूण, तांदळाचे दाणे, “किड्याने खाल्ली म्हणजे चांगली” या सर्व परीक्षा खोट्या आहेत, हे कृपया आपल्या मंडळीत सांगा. आणि हा लेख वाचून कोणी टेकोडे आणायला जाऊ नये. मी एक दिवस पाहून स्वतःला जाणकार समजले. आजी साठ पावसाळे पाहून अजूनही माती उकरतात.

अलीशाचे पीठ

अलीशाच्या गोष्टीत मला आता दोन गोष्टी वेगळ्या दिसतात.

एक, अलीशाने त्या शिष्याला सर्वांसमोर दोष दिला नाही. त्याचे नावही शास्त्रात लिहिलेले नाही. अलीशाने आधी लोकांचे जेवण वाचवले. माझ्याशी आजी आणि त्या मुलाची आई तशाच वागल्या. कृपा म्हणजे काय यावर मी पुष्कळ प्रवचने ऐकली आहेत, पण ती मला मिळाली दवाखान्यातल्या त्या खाटेजवळ.

दोन, ते पीठ संदेष्ट्याच्या हातचे होते, आपल्या हातचे नाही. आळिंबीची विषबाधा झाली तर ताक, मीठपाणी, अंगारा यांवर विसंबू नये. आणि प्रिय जनहो, “प्रार्थना केली आहे, सकाळपर्यंत पाहू” असेही म्हणू नये. प्रार्थना गाडीत बसून करावी. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ज्यांनी ज्यांनी ती भाजी खाल्ली, त्या सर्वांना न्यावे, ज्यांना अजून काही होत नाही त्यांनाही. उरलेली भाजी किंवा छत्रीचा तुकडा कागदात बांधून डॉक्टरांना दाखवावा. मध्ये बरे वाटले तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरी येऊ नये.

सोडून दिलेली चार-पाच

आजींनी उघडलेली टेकोडी का सोडली, हे मी पुढच्या वर्षी विचारले. “सगळेच नेले तं पुढच्या साली काय खाऊ?” त्या म्हणाल्या. उघडलेल्या टोपीतून बीजाणू वाऱ्यावर आणि मातीवर पडतात. बहुतेक जातींत नव्या वारुळातली उधई ते बीजाणू बाहेरून आणते आणि आपल्या घरात बुरशी लावते. म्हणजे टोपलीत न घेतलेली ती चार-पाच पुढच्या पिकाचे बियाणे असतात.

अनुवादाच्या २२व्या अध्यायात घरट्याबद्दल एक लहानशी आज्ञा आहे : पिले घेतली तरी त्यांच्या आईला सोडून द्यावे. म्हणजे तुझे कल्याण होईल आणि तू दीर्घायू होशील, असे वचनही तिथे जोडलेले आहे. आजींनी तो अध्याय वाचलेला नाही. पण त्या वारुळ मोडत नाहीत.

वारुळ आज दुसऱ्याच हातांनी मोडते आहे. बांधावरची उधई मारायला औषध ओततात, तणनाशक फवारतात, सपाटीकरणासाठी मशीन फिरवतात. उधई गेली की टेकोडे गेले. आणि फवारलेल्या बांधावर उगवलेले टेकोडे चांगल्या जातीचे असले तरी खाण्यासारखे राहत नाही. आजी आता पूर्वीपेक्षा लांब चालतात.

रानात जाणाऱ्या या बायांना कधी कधी चोरासारखे हटकले जाते. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासी आणि पारंपरिक वननिवासी यांना पूर्वापार गोळा करत आलेल्या गौण वनोपजावर हक्क दिला आहे. वाशीम जिल्हा अनुसूचित क्षेत्रात येत नाही, त्यामुळे इथे पेसा कायद्याचा आधार नाही. वनहक्क कायद्याला मात्र ती अट नाही. आपल्या कार्यकर्त्यांनी तो वाचून ठेवावा आणि वस्तीवर समजावून सांगावा.

आता बैठकीत काय होते

माझी आरोग्याची बैठक आता बदलली आहे. जूनच्या पहिल्या बैठकीत मी बोलत नाही, आजी बोलतात. शाळेत जाणाऱ्या मुली समोर बसतात. त्यांच्यापैकी पुष्कळ जणी वसतिगृहात राहून शिकतात, पावसाळ्यात घरी नसतात, आणि त्यांना टेकोडे ओळखता येत नाही. आजींची पिढी गेली तर ही ओळखही जाईल. मग एक तर या मुली रानाला घाबरून चांगले अन्न सोडतील, किंवा माझ्यासारखे वरून कापून घरी आणतील. आजींचे सांगून झाल्यावर मी विषबाधेची लक्षणे आणि १०८ क्रमांक सांगते. दोघींचे मिळून एक शिकवणे होते.

त्या मुलाने मागच्या जूनमध्ये सर्वांसमोर विचारले, “सिस्टर, तुम्ही आता मूळ पाहता का?” सगळ्या बाया हसल्या. त्याची आईही हसली. मी म्हणाले, “मी पाहत नाही. मी आजींना विचारते.”

बंधुभगिनींनो, आपण आदिवासी बांधवांकडे औषध, पुस्तके, कपडे आणि सुवार्ता घेऊन जातो. ते चांगलेच आहे. पण ज्या घरी आपण जातो त्या घरी देवाने आधीच काय ज्ञान ठेवले आहे, हे न विचारता गेलो तर आपणही ओटीभर न ओळखलेले काहीतरी त्यांच्या भांड्यात टाकू शकतो, अगदी चांगल्या हेतूने.

मनन आणि चर्चेसाठी प्रश्न

१. गिलगालातल्या शिष्याने कोणत्या टप्प्यावर विचारायला हवे होते? त्याने का विचारले नसेल?
२. मदतीला येणाऱ्या बाईने शंका बोलून दाखवली, तरी ती जेवली. आपल्या पदामुळे किंवा शिक्षणामुळे कोणी आपल्यापुढे गप्प बसते का?
३. चूक करणाऱ्याशी अलीशा कसा वागला? आपल्या मंडळीत आपण कसे वागतो?
४. आपल्या घरात किंवा गावात, विचारले नाही तर हरवून जाईल असे कोणते ज्ञान कोणाजवळ आहे? या महिन्यात त्यांच्याकडे कोण जाईल?

प्रार्थनाविषय

पेरणी ते कापणी या उपासमारीच्या दिवसांत प्रत्येक वस्तीवर सुरक्षित अन्न मिळावे म्हणून, रानात जाणाऱ्या मायबहिणींच्या रक्षणासाठी, वसतिगृहातल्या मुलींसाठी, वारुळे आणि राने राखली जावीत म्हणून, आणि आपण सेवकांना विचारण्याची नम्रता मिळावी म्हणून.

प्रभूच्या सेवेत,
आपली एक बहीण